बाहेरून लावलेली कडी

कडी मी कणकवलीत घेतली. तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी करतो. संध्याकाळी एसटी सुटेपर्यंत थोडा वेळ हातात असतो, तो मी एरवी जुनी मासिकं चाळण्यात घालवतो. त्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "आतून लावायची की बाहेरून?" मी म्हटलं, "बाथरूमला लावायची आहे." प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, पण गिऱ्हाइकांच्या उत्तरांकडे तो फार लक्ष देत नसावा. त्याने पितळी रंगाची एक लांबट कडी कागदात गुंडाळून दिली, बरोबर चार स्क्रू दिले.

ती मी आजोबांच्या खोलीच्या दाराला बाहेरून लावली.

आमचं गाव तोंडवलीच्या अलीकडे. घरात माणसं तीन: आजोबा, आई आणि मी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. माझं लग्न झालेलं नाही. हा वाडीतल्या बायकांचा आवडता विषय आहे, माझा नाही. आजोबा रापणीचे तांडेल होते. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून ओढायचं मोठं जाळं. अर्धी वाडी दोन बाजूंनी दोर ओढते, आणि कधी ओढायचं, कधी सैल सोडायचं हे तांडेल सांगतो. आजोबांचा आवाज भरतीच्या वेळीही दुसऱ्या टोकापर्यंत पोचायचा म्हणतात. त्यांची होडी जिथे ओढून ठेवलेली असायची, तिथे आता 'डॉल्फिन दर्शन' असा फलक आहे. दर्शन देण्याबद्दल डॉल्फिनांना कुणी विचारलेलं दिसत नाही.

आजोबांची आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग जेवलो की नाही ते गेलं. राहिली ती रापण. दुपारचं जेवण झालं की ते काठी घेऊन उठत. "रापण इली आसतली," असं म्हणत आणि चालू लागत. एकदा ते किनारा सोडून भलत्याच रस्त्याला लागले आणि खाडीच्या पुलापर्यंत गेले. तिथून एका रिक्षावाल्याने त्यांना घरी आणलं. मी त्याला भाडं विचारलं. "भाडा नको," तो म्हणाला, "आजोबांक सांभाळा तेवढा." मला ते लागलं. माझ्या पद्धतीने लागलं, म्हणजे दुसऱ्याच दिवशी मी वस्तू विकत आणली.

आईने ती पाहिली. "ह्यां कित्याक?"

"तुझ्यासाठीच. दुपारची जरा पाठ टेकशीत."

तिने स्क्रू पिळणाऱ्या माझ्या हाताकडे थोडा वेळ बघितलं आणि ती मागच्या दारी निघून गेली. तिचं गप्प राहणं मी होकार धरलं. घरातल्या बायकांच्या गप्प राहण्याबद्दल मी बरंच वाचलेलं आहे, पण ते पुस्तकातल्या बायकांबद्दल.

इथे आईबद्दल एक सांगायला हवं. तिचा कधी कुठे सत्कार झाला नाही, पण वाडीत सून म्हणून तिचं एक नाव होतं. एखादी सासू आपल्या सुनेला टोमणा मारायला निघाली की माझ्या आईचा दाखला द्यायची: घोव गेलो तरी सासऱ्याक कशी बघता, बघ. आई हे ऐकलं नाही असं दाखवायची. पण पदर सारखा करायची, म्हणजे ऐकलेलं असायचं. आयुष्यात तिच्या मालकीचं म्हणावं असं हे एकच होतं.

कडी मी रविवारी दुपारी लावत असे. तासभर, कधी दीड. पडवीत आरामखुर्ची टाकून वाचत बसे. आजोबा आतून दार ढकलत. दोनदा, फार जोरात नाही. मग म्हणत, "कोण आसा रे भायर?" मी पान उलटत असे. थोड्या वेळाने ते पुन्हा विचारत, आणि मग खाट करकरली की मला कळे की ते बसले. पुढच्या पानावर काय होतं हे मला त्यातल्या एकाही रविवारचं आठवत नाही. बाकीचे सहा दिवस आई कडी लावत असेल, असं मी धरून चाललो होतो. तिला मी विचारलं नव्हतं.

मे महिन्यात मुंबईहून काका आले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. ते आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाचे अध्यक्ष आहेत आणि हे ते सहसा विसरू देत नाहीत. "शुक्रवारी येतंय," असा फोन आला त्या संध्याकाळी मी कडी काढली. चार भोकं राहिली, ती लांबी म्हणजे पुट्टी भरून बुजवली, वरून निळा रंग मारला. दाराचा निळा जुना होता, माझा निळा नवा. आईने बघितलं आणि एवढंच म्हटलं, "आता तर जास्तच दिसता."

काकांच्या बॅगेतून शाल, नारळ आणि काचेसारखं दिसणारं एक सन्मानचिन्ह निघालं. त्यावर आजोबांचं नाव होतं. त्याहून ठळक मंडळाचं आणि त्याहून ठळक अध्यक्षांचं. राखणीच्या दिवशी आजोबांचा सत्कार करायचा आणि त्यांनीच गाऱ्हाणं घालायचं, असं मुंबईत ठरलं होतं.

राखण हा आमच्या भावकीचा वर्षाचा रिवाज. माडांच्या बागेच्या कोपऱ्यात एक पाषाण आहे, तो जागेचा राखणदार. वर्षातून एकदा भावकीतले पुरुष त्याच्यापुढे जमतात. वडीलधारा माणूस गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो. त्याच्या प्रत्येक वाक्यावर बाकीचे "होय म्हाराजा" म्हणतात. मग कोंबडं कापतात, तिथेच शिजवतात, तिथेच खाऊन संपवतात. घरी काही न्यायचं नाही. आजोबा रापणीतही गाऱ्हाणं घालायचे आणि राखणीतही. गेली दोन वर्षं मात्र ते काम भावकीतले दुसरे एक म्हातारे करत होते.

"तेंका आता जमाचा नाय, भावजी," आई म्हणाली.

"वयनी, तुमीच तेंका म्हातारे करून ठेवलास," काका म्हणाले. "आबा गाराण्याक उभे रवले की बघा. वाघ आसा वाघ."

'वाघ' त्या वेळी पेजेच्या ताटलीत बोट घालून त्यातलं मीठ शोधत होता.

काकांनी माझ्याकडे बघितलं. इथे मी तोंड मिटून बसलो असतो तर पुढचं टळलं असतं. पण मी वाचलेला माणूस. लहानपणापासून तोंडपाठ असलेलं सगळ्यात शेवटी जातं, असं कुठेतरी वाचलं होतं, ते मी सांगितलं. थोडं लांबवूनच सांगितलं. काका खूश झाले. "बघा, शिकलेलो माणूस काय म्हणता!" आई उठून आत गेली.

राखणीच्या सकाळी तिने आजोबांना आंघोळ घातली, दाढी केली, धुतलेला सदरा घातला. खांद्यावर पंचा ठेवला. ते खरंच तांडेल दिसत होते. मी त्यांचा हात धरून बागेत नेलं. मुंबईचे धरून पन्नासेक पुरुष जमले होते. काकांनी दहा मिनिटं भाषण केलं, त्यात आजोबांबद्दलची दोन वाक्यं होती. मग शाल घातली. आजोबांनी ती उन्हामुळे लगेच काढली आणि शेजारच्याला दिली. मग काकांनी फोन समोर धरला आणि मुंबईला राहिलेल्यांसाठी मंडळाच्या ग्रुपवर थेट दाखवायला सुरुवात केली.

आजोबांनी नारळावर हात ठेवला आणि आवाज लावला. मला मान्य करायला हवं, माझ्या अंगावर काटा आला.

"बा देवा म्हाराजा, बारा वहिवाटीच्या धन्या! आज ही सगळी भावकी तुझ्या पायाकडे उभी आसा म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"वर्साची राखण तुका ठेवली हा, ती गोड मानून घे. कमी-जास्त झाला आसात ता पोटात घाल म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"होडयेक, जाळ्याक, पोराबाळांक, मुंबयच्या चाकरमान्यांक सांभाळ म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

काकांनी फोन क्षणभर स्वतःकडे फिरवला आणि परत आजोबांकडे नेला. माझ्या शेजारचा माणूस मला कोपराने ढोसून म्हणाला, "बरोबर सांगलंस रे तू." मी नम्रपणे मान हलवली.

मग आजोबा थांबले. पाषाणाकडे बघत राहिले. नेमकं काय मागायचं राहिलंय ते आठवत असावेत.

"आणि माका म्हाराजा," त्याच आवाजात ते म्हणाले, "माका घरात कोंडतत."

"होय म्हाराजा!" पन्नास माणसं एकसुरात म्हणाली.

"भायरसून कडी लावतत म्हाराजा. मी हाका मारतंय, तो भायर बसान रवता, पण ओ देयना."

"होय म्हाराजा!" या वेळी आवाज अर्धा होता.

"रापण येता नि जाता, माका कोण सांगना. माझा काय चुकला आसात तर सांग, मी पायार नाक घासतंय. पण दार उघड म्हाराजा."

"होय म्हाराजा," मागे उभे असलेले दोन म्हातारे म्हणाले. त्यांना ऐकू येत नाही. ओठ थांबले की ते म्हणतात. एकाच्या हातात पाय बांधलेलं कोंबडं होतं, तेवढं फडफडलं.

गेली दोन वर्षं गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्यांनी पुढे होऊन ते घाईघाईत पुरं केलं. आजोबांना सावलीत बसवलं. त्यांच्या दृष्टीने काम झालं होतं; त्यांनी पाणी मागितलं आणि माडाला टेकून डोळे मिटले. 'तो भायर बसान रवता.' तो. निदान मला तरी या शब्दाचा अर्थ लावायची गरज नव्हती. पण जमलेल्यांपैकी कुणाच्या ते लक्षात राहिलं नाही. दार, घर, म्हातारा आणि सून एवढ्यावर गोष्ट पुरी होत होती. जेवताना मी दोनदा वाढून घेतलं, कारण तोंडात घास असला की बोलावं लागत नाही.

आम्ही घरी पोचायच्या आधी गाऱ्हाणं घरी पोचलं होतं. पडवीत काकांचा फोन वाजला. मिठबावला दिलेली आत्या होती; मंडळाच्या ग्रुपवर तीही आहे. काकांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"मी ऐकलंय सगळा," आत्या रडत होती. "आमच्या शेजाऱ्यांनी पण ऐकल्यानी. माझ्या बापाशीक कोण कोंडता ता माका सांग. दादा गेलो म्हणान कोण इचारूचो नाय काय?"

काका उठले आणि आजोबांच्या दाराशी गेले. नव्या निळ्यावरून त्यांनी बोट फिरवलं. नखाने लांबी उकरली. एक भोक, मग दुसरं.

"ह्यां काय?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात सोलकढीचं भांडं होतं. बागेतून आलेल्यांना द्यायला तिने केली होती. मी खुर्चीत होतो. त्याच आरामखुर्चीत.

"मी इचारतंय, ह्यां काय? वयनी?"

त्यांनी मला विचारलंच नाही. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही, कारण म्हाताऱ्या माणसाला सांभाळणं किंवा छळणं, दोन्ही बायकांची कामं. मला फक्त 'मी' म्हणायचं होतं. एक अक्षर. मी ते तोंडात जुळवत होतो. काका ओरडतील, आत्या ऐकते आहे, उद्या कॉलेजात कुणाच्या तरी फोनवर हे गेलेलं असेल, ग्रंथपालाने आजोबांना कोंडलं. हे सगळं मी तेवढ्या वेळात रीतसर विचार करून पाहिलं. मी वेगाने विचार करतो.

"मी लावलंय," आई म्हणाली.

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

मग काका बोलले. मंडळात बोलतात तसे बोलले. संस्कार आले, त्यांच्या आईचे कष्ट आले, 'उद्या तुमी पण म्हाताऱ्या होतल्यात' हेही आलं. फोनवरून आत्या मधूनमधून साथ देत होती. खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पलीकडे दोन शेजारणी कपडे वाळत घालत होत्या. एवढे कपडे त्यांच्या घरात नाहीत. आई भांडं धरून उभी होती. काका दम घ्यायला थांबले तेव्हा तिने विचारलं, "कढी देवू?" काका म्हणाले, "आबांक मी घेवन जातंय. परवाच्या गाडयेन."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला वही आणायला सांगितली.

"लिव. भावजींच्या बायकोक काय म्हायत आसताला?"

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. सकाळी उठल्यावर आधी पाणी द्यायचं, चहा नंतर. चहा आधी दिला तर पाणी पीत नाहीत. पेज दहाला. मासळीचे काटे काढून द्यायचे, पण त्यांच्या समोर काढायचे नाहीत, राग येतो. लुंगीची गाठ डाव्या बाजूला. आजीला हाक मारली तर 'ती गेली' असं सांगायचं नाही. 'बाजारात गेल्या' म्हणायचं. मी ते व्यवस्थित भाषेत उतरवत होतो, क्रमांक घालत होतो. क्रमांक घातले की मला बरं वाटतं.

"आणि लिव," ती म्हणाली, "दुपारचे भायर जातत. तेंका अडवचा नाय. दहा पावला मागसून चलाचा. दर्यार जातत, पाणी बघतत नि आपणच वळतत. रिक्षावाल्यान आणल्यान तेवापासून मी रोज जातंय तशी."

माझा हात थांबला. "रोज?"

"मगे?"

"उन्हात?"

"मामंजी काय ऊन बघून जातत?"

"आणि कडी?"

तिने गोधडीची घडी घातली. "ती मी कधी लावक नाय," ती म्हणाली. "पितळेक हात लावक माका बरा वाटना."

"आये, मी काकांक सांगतंय."

"नको. आता सांगून तुजा नाव पण जातला नि माजा काय परत येवचा नाय."

मी तेवढ्यावर थांबलो. 'नको' हा शब्द मी इतक्या आज्ञाधारकपणे क्वचितच ऐकला असेन. खाली आठवा क्रमांक घालून मी लिहिलं: 'दुपारी फिरायला गेल्यास अडवू नये. दहा पावलं मागून चालावे.' कणकवली स्टेशनवर तो कागद मी काकांना दिला. "माझ्या बापाशीक मी ओळखतंय रे," असं म्हणून त्यांनी तो न वाचता खिशात घातला. आजोबा खिडकीशी बसले होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी मला परक्या माणसाला करावा तसा नमस्कार केला.

महिना व्हायच्या आत काका त्यांना घेऊन परत आले. हवा मानवली नाही, म्हणाले. लिफ्टचा त्रास होतो, म्हणाले. आम्ही काहीच विचारलं नव्हतं. आजोबांच्या कपाळावर टेंगूळ होतं आणि ते कशाचं हे काकूंनी फोनवर, काकांनी प्रत्यक्ष आणि आत्याने ऐकीव असं तीन तऱ्हांनी सांगितलं. काका दुसऱ्याच दिवशी परत गेले. आईला ते 'सांभाळा' म्हणाले. चूक झाली असं कुणीच कुणाला म्हणालं नाही.

आई पूर्वीसारखीच सगळं करते. शेजारी चहाला बोलावलं तर जाते, पण दारातच बसते. वाडीतल्या सासवा आता दुसऱ्या कुणाचा दाखला देतात. काकांना मी अजून सांगितलेलं नाही. आईने नको म्हटलंय, हे कारण माझ्याकडे आहे आणि ते मी जपून ठेवलं आहे.

रविवारी दुपारी आजोबांच्या मागून मी चालतो. बाकीचे दिवस आई. दहा पावलं, मोजून. ते काठी टेकत किनाऱ्यावर जातात, पाण्याकडे बघतात, कुणाला तरी दोर सैल सोडायला सांगतात आणि वळतात. वाटेत एक शेजारीण खळ्यात सुकी मासळी पसरत बसलेली असते. गेल्या रविवारी तिने आजोबांना जाऊ दिलं आणि मला थांबवलं.

"बरा करतंस रे बाबा. आवशीन कोंडल्यान, पण नातू बघ कसो मागसून चलता. सगळी वाडी म्हणता."

सगळी वाडी म्हणते, हे मला माहीत होतं. माझं नाव झालं होतं.

"काकी," मी म्हटलं, "आयेन नाय लावलेली कडी. मी लावलेली."

तिने हातातलं सुपलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे कौतुकाने बघितलं.

"गप रे मेल्या. आवशीक वाचयतंस, माका काय कळना नाय? असो झील सगळ्यांक मिळूचो."

"नाय काकी, खरांच. मी घेतलंय कणकवलेक. रविवारी मीच लावी."

"होय, होय. जा आता," ती हसत म्हणाली, आणि मागच्या दाराकडे तोंड करून सुनेला हाक मारली, "ऐकलंस गो? आवशीसाठी खोटा बोलता बघ!"

मी तिसऱ्यांदा सांगणार होतो. पण आजोबा तेवढ्यात वळणापलीकडे गेले होते आणि पुढचा रस्ता पुलाकडे जातो, म्हणून मला पळावं लागलं.